बदलापूरनंतरही तक्रार घ्यायला इतका वेळ का लावतात?

संध्या_डोंबिवली:
काल लोकलमध्ये बदलापूरचा विषय निघाला आणि डोकं परत फिरलं. ऑगस्ट २०२४ ला शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर लैंगिक अत्याचाराचं प्रकरण, पालक अकरा-बारा तास पोलीस स्टेशनात बसून, आणि २० तारखेला लोक रुळावर उतरले तेव्हा कुठे सगळ्यांना जाग आली. मग दुसरा त्रास, चॅनलवाले! नाव घेत नाहीत पण शाळेचं गेट, गल्ली, शेजारच्या काकूंचा बाईट, सगळं दाखवतात, मग लपवलं काय? कायदे तर भरपूर आहेत म्हणे, मग अडतं कुठे? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

कोर्टकचेरी:
अडतं ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. एफआयआर घेतला की गुन्ह्यांचा आकडा वाढतो, तपास गळ्यात पडतो, त्यापेक्षा "साहेब राऊंडला गेलेत, बसा जरा" हे सोपं. नाहीतर "मुलीच्या लग्नाचं बघा, विचार करा" हे ऐकवायचं, चार वर्षांच्या पोरीच्या बापाला पण! २०१३ पासून बलात्काराची तक्रार न घेणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे, आता ते न्याय संहितेत (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १९९. पण ते लावायचं कुणी, त्याच्याच साहेबांनी. हद्दीचं कारण दिलं तर झीरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुणाचीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा. तरी नाही घेतला तर एसपी किंवा डीसीपींना पोस्टाने लेखी द्या, पोचपावती जपून ठेवा, पुढे मॅजिस्ट्रेटकडे तीच कामी येते.
आणि पोक्सोत (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) मुलीचा जबाब घरी जाऊन घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, तेही युनिफॉर्म न घालता. बदलापुरात दुसऱ्या मुलीच्या जबाबाला उशीर झाला म्हणून हायकोर्टाने झापलं होतं.

भाऊ_कल्याण:
आरोपीला उडवला ना शेवटी, विषय संपला.

संध्या_डोंबिवली:
भाऊ, तोच तर प्रॉब्लेम. २३ सप्टेंबरला तो पोलीस व्हॅनमध्ये पोलिसांच्या गोळीने मेला, त्याच्यावरचा खटलाच गेला. साक्षीपुरावे, उलटतपासणी, काहीच झालं नाही. पुढे मॅजिस्ट्रेटच्या चौकशीत पाच पोलिसांवरच ठपका आला. तो मेल्यावर पेढे वाटणारे तोवर गप्प झाले होते. पालकांना दिवसभर बसवणारे कोण, हे तुम्हाला आठवतं का? मला पण नाही.

जुना_बातमीदार:
मी आठ वर्षं एका छोट्या पेपरात क्राईम बीट केली, तर आमची पापं सांगतो. पोलीस स्टेशनातूनच एफआयआरचा फोटो व्हॉट्सॲपवर यायचा, नावपत्त्यासकट. आम्ही नाव काढायचो आणि "अमुक चाळीत राहणाऱ्या रिक्षाचालकाची सहावीतली मुलगी" असं छापायचो, आणि खाली "नाव बदलले आहे" अशी टीप. त्या चाळीत सहावीतली मुलगी एकच. दुसऱ्या दिवशी बाप ऑफिसात आला, भांडला नाही काही, नुसता उभा राहिला. एडिटर म्हणाले कायद्यात बसतंय. बसत नव्हतं, ओळख पटेल असं काहीच छापायचं नाही असा नियम आहे, आणि तो आम्हाला पाठ होता. जम्मूतल्या कठुआच्या आठ वर्षांच्या मुलीवरच्या बलात्कार-खुनाच्या वेळी २०१८ ला दिल्ली हायकोर्टाने बारा मीडिया हाऊसना मुलीची ओळख उघड केल्याबद्दल दहा-दहा लाख भरायला लावले तेव्हा आमच्याकडे आठवडाभर मीटिंगा झाल्या. मग परत तेच.

कोर्टकचेरी:
एफआयआरचा फोटो बाहेर गेला तर पोलिसांवर पण केस होऊ शकते, हे लोकांना माहितीच नसतं. तुमच्याकडे असे फोटो पाठवणाऱ्यावर कधी काही झालं?

जुना_बातमीदार:
नाही. दिवाळीला आम्हीच मिठाई पाठवायचो.