सराफ बाजारामागच्या वाड्यातल्या चार वस्तू : ओळख हवी

गोदाकाठ :
जुन्या नाशकात सराफ बाजाराच्या मागे एक वाडा उतरवला जातोय. माळ्यावरच्या सामानातून चार वस्तू बाजूला ठेवल्या आहेत. भंगारवाला सगळं किलोच्या भावाने मागतोय, म्हणून घाई आहे.

१) पोलादी पट्टी, २२ सेंमी लांब, ४ सेंमी रुंद, ६ मिमी जाड. तीन ओळींत गोल भोकं, मोठ्यापासून बारीक होत गेलेली. शेवटच्या काही भोकांत शिवणाची सुईही जात नाही. शेवयांचा साचा असावा असं एकाचं म्हणणं.
२) जाड लाकडी वाटी. तळाला तीन भोकं, बाहेरच्या अंगाला तिरकी. मधोमध उंचवटा, काठाला लोखंडी पट्टी.
३) लोखंडी गोल वजन. खालच्या खळग्यात शिसं, त्यावर पुसट ठसा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४६१ ग्रॅम.
४) लोखंडी कडी, तिच्याखाली चहूबाजूंना वळलेले आठ आकडे.

चिंच-मीठ लावून किंवा पॉलिशपेपरने साफ करू का?

तारकाम :
आधी काहीही घासू नका. ओळख पटवणाऱ्या खुणा गंजाच्या थराखालीच असतात.

पहिली वस्तू शेवयांची नाही. शेवयांच्या जाळीला पिठाचा दाब पुरतो, तिला ६ मिमी पोलाद कशाला लागेल? ही सोनाराची जंत्री, म्हणजे तार ओढायची पट्टी असावी. खात्री करायला दोन गोष्टी बघा. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी तेच भोक मोजा. जंत्रीत ते एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळतं असतं. मग भिंगातून आतली कड बघा. आटे दिसले, किंवा भोकाच्या दोन बाजूंना खाचा असल्या, तर ती स्क्रूचे आटे पाडायची पट्टी; ती घड्याळजी आणि बंदूक दुरुस्त करणारे वापरत. आतून गुळगुळीत असेल तर जंत्रीच.

वापर असा : चांदीच्या किंवा सोन्याच्या कांबीचं टोक कानशीने निमुळतं करायचं, ते रुंद बाजूने घालायचं आणि निमुळत्या बाजूने दातेरी पकडीने एका दमात ओढायचं. पट्टी शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळलेली असते. तारेला मेण किंवा तेल लावतात, नाहीतर ती भोकात घासून चरे पडतात. काही भोकं झाली की तार कडक होते. ती मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करायची आणि मग पुढच्या भोकात. मधलं भोक गाळलं की तार तुटलीच म्हणून समजा, कारण एका ओढीत तिची जाडी थोडीच कमी होऊ शकते.

भोकांभोवती हातोडीच्या बारीक खुणा आहेत का, तेही बघा. सतत ओढून भोक झिजलं, लांबट झालं की तारही लांबट निघते. मऊ पट्टीवर कारागीर निमुळत्या बाजूने भोकाभोवती ठोकून ते आवळत आणि निमुळत्या सुंब्याने (पंचने) पुन्हा गोल करत. अशा खुणा सापडल्या तर पट्टी खूप वापरातली आहे, आणि माझ्या मते त्या खुणांमुळेच ती जपण्यासारखी आहे.

सफाईसाठी रात्रभर रॉकेलमध्ये बुडवा, पितळी ब्रशने वरचा गंज काढा, भोकांतून दोरा ओवून पुसा. ड्रिल किंवा तारेचा खिळा आत घालू नका. एक चरा पडला की त्या भोकातून निघणाऱ्या प्रत्येक तारेवर तो उमटतो.

पेरणी_हंगाम :
दुसरी वस्तू नक्की चाडं आहे, म्हणजे पेरणीच्या अवजारावरची बी सोडायची वाटी. तीन भोकं म्हणजे तिफणीचं (तीन फणांच्या अवजाराचं), चार असती तर चौफणी पाभरीचं. प्रत्येक भोकात बांबूची नळी बसते आणि ती खाली पोकळ फणात उतरते. मधला उंचवटा फार महत्त्वाचा : मुठीतून सुटलेलं बी त्यावर पडून तिन्ही भोकांत सारखं विभागलं जातं. तो झिजला किंवा चाडं तिरकं बसलं तर एक तास (पेरणीची ओळ) दाट आणि दुसरा विरळ उगवतो. ओल जास्त असताना पेरलं की नळीचं खालचं तोंड चिखलाने बुजतं, बी चाड्यात साचतं आणि तास रिकामा जातो; म्हणून चाड्यावर मूठ धरणाऱ्याची नजर सतत भोकांवर असते. काठ एकाच बाजूला गुळगुळीत असेल तर ती मूठ टेकण्याची जागा.

लाकूड पाण्यात भिजवू नका, तडकेल. कोरड्या ब्रशने माती काढा आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या.

चौथी वस्तू विहिरीचा गळ. आडात पडलेली कळशी, बादली काढायला. कडीला दोर बांधून तळाशी फिरवायचा.

मापंवजनं :
वजनाबद्दल. पक्का शेर ८० तोळ्यांचा, एक तोळा ११.६६ ग्रॅम, म्हणजे शेर साधारण ९३३ ग्रॅम आणि अर्धा शेर ४६६.५. तुमचं ४६१ त्याच्या जवळ आहे. पाव शेर २३३ आणि छटाक, म्हणजे ५ तोळे, ५८.३ ग्रॅम, ही वजनं सोबत सापडली तर हे संचातलं वजन असावं. कच्चा शेर मात्र गावोगावी वेगळा होता, त्यामुळे आकडा जुळला नाही म्हणून वजन खोटं ठरवू नका.

काटा तपासायला व्हिक्टोरियाच्या छापाचा चांदीचा रुपया वापरा. तो मुळात एक तोळ्याचाच, झिजलेला असला तर किंचित कमी भरेल.

गोदाकाठ :
शिसं एका कडेने उचकटलेलं दिसतंय. ते नव्याने भरून वजन पूर्ण करावं का?

मापंवजनं :
अजिबात नको. वजन नेमकं करण्यासाठी त्या खळग्यात शिसं भरत आणि तपासणीचा ठसा त्याच शिशावर मारत. नवं शिसं ओतलं की ठसा गेला. तुमचे साडेपाच ग्रॅम बहुधा तिथूनच कमी झालेत, थोडे गंजातही गेले असतील. १९५६च्या कायद्यानंतर देशात किलोग्रॅम आला आणि १९६२पर्यंत शेर-तोळे व्यवहारातून बाद झाले, म्हणजे हे वजन त्याआधीचं. ठशावर टॉर्च आडवा धरून फोटो काढा, समोरून प्रकाश टाकला तर अक्षरं दिसणार नाहीत. फोटो इथे टाका. आणि शिशाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा.