मदत हवी आहे: फायबर लेझरची पॉवर दुपारी पडते, फीडबॅक लावूनसुद्धा

भोसरीकर: अर्जंट आहे. २० वॅटचं पल्स्ड मार्किंग मशीन, स्टेनलेसवर काळं मार्किंग, सकाळी झकास आणि जेवणानंतर फिकं पडत जातं. म्हणून बीमच्या वाटेत काच घातली, तिच्यावरून परतणारा उजेड फोटोडायोडवर घेऊन पीआयडीने (रीडिंग ठरलेल्या आकड्यावर आपोआप धरून ठेवणारा कंट्रोलर) लेझर सोर्सचा पॉवर टक्का वरखाली करतोय. स्क्रीनवर रीडिंग सरळ रेघ, मार्किंग मात्र फिकंच!! पीआयडीचे आकडे द्या कुणीतरी, पार्टी डोक्यावर बसलीय.

जुना_फिटर: चिलरचं पाणी बदला. आमचं यॅग (जुन्या पद्धतीचं क्रिस्टलचं लेझर) तेवढ्यानेच सुधारलं.

भोसरीकर: काका, फायबर आहे, पंख्यावर चालतं. चिलर कुठून आणू?

प्रकाशवाली: आकडे नंतर. डायोड कुठला, काच किती अंशात, डायोडचा डबा कुठे बसवलाय?

भोसरीकर: साधा सिलिकॉन. ४५ अंशात, अजून कशी लावणार? सोर्सच्या पंख्यामागे जागा होती तिथे बसवला. पण त्याचा काय संबंध?

लूपमास्टर: पीआयडीतला आय, म्हणजे इंटिग्रल (चूक साठवत जाणारा भाग), कमी करा आधी. गॅल्व्हो (बीम फिरवणारा आरसा) उडी मारतो तेव्हा लेझर बंद, डायोड शून्य वाचतो, इंटिग्रल फुगतो आणि पुढच्या अक्षराचं टोक जळतं. गेट (लेझर चालू-बंदचा सिग्नल) चालू असेल तेव्हाच सँपल घ्यायचं.

प्रकाशवाली: ते बरोबर, पण टोक जळत नाहीये, सगळंच फिकं होतंय. तुमच्या लेझरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, म्हणजे सिलिकॉनला जे दिसतं त्याचा काठ, तिथे डायोड तापला की तेवढ्याच उजेडाला जास्त करंट देतो. लूपला वाटतं पॉवर वाढली, तो खाली ओढतो. रेघ सरळ, खरी पॉवर उतरलेली. त्यात ४५ अंशात काचेचा एक पृष्ठभाग एका पोलरायझेशनला (प्रकाशलहर डोलण्याची दिशा) ९ टक्के परतवतो, दुसऱ्याला जेमतेम १, म्हणजे पोलरायझेशन बदललं की रीडिंगही हलतं. काच जवळपास सरळ करा, तो फरक मिटतो.

जुना_फिटर: एवढं पुराण कशाला, लेन्स पुसा. डायोड लेन्सच्या आधी बसलाय, लेन्सवरचा धूर त्याला दिसणारच नाही.

लूपमास्टर: हा मुद्दा आहे खरा. भोसरीकर, दुपारी पॉवर टक्का कुठे जातो ते बघा. तिथेच राहिला तर लेन्स, घसरला तर डायोड.

सावध_माणूस: गॉगल १०६४ चा आहे ना? लाल टिपका फक्त पॉइंटर असतो, खरा बीम दिसत नाही, आणि ती काच कुठेतरी फेकतेच.

जुना_फिटर: वीस वर्षं बिनगॉगल काम केलंय.

सावध_माणूस: म्हणूनच पोस्टमध्ये फक्त चिलर दिसतोय.

टॅटू_बॉय: याने टॅटू निघतो का?

भोसरीकर: टक्का सकाळी ६२, आत्ता ५१. सिलिकॉनऐवजी इन्गास (इंडियम गॅलियम आर्सेनाइड) डायोड पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळेल का?

प्रकाशवाली: दुकानात अवघड, ऑनलाइन मागवा. तोवर डबा त्या गरम हवेतून बाहेर काढा, पीआयडी बंद ठेवा, आणि दर तासाला उष्णतेवरून पॉवर मोजणाऱ्या थर्मोपाइल मीटरने मोजून टक्का हाताने लावा. मीटर संथ आहे, लूपला चालणार नाही, पण आजची पार्टी निघेल.

टॅटू_बॉय: कोणी सांगेल का??