"दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा, सुई नंतर बघू": हा सल्ला कोणी दिला?

खडूस_मास्तर: कालच्या धाग्यात नाना_शेतकरी यांनी लिहिलं, "ओळखीचं कुत्रं चावलं तर दवाखान्यात पळू नका. दहा दिवस बघा, जगलं तर रेबीज नाही." खाली +१ ची रांग! डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा.

दहा दिवसांचा नियम खरा आहे, पण तो सुया थांबवण्यासाठी आहे, पुढे ढकलण्यासाठी नाही. जखम आधी साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी पहिली सुई घ्या. पुढची पहिलीपासून तीन दिवसांनी, मग सात दिवसांनी. कुत्रं दहा दिवस ठणठणीत राहिलं तर उरलेल्या थांबवायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतील. सुई न घेता वाट बघत बसलात आणि कुत्रं आठव्या दिवशी मेलं तर तुमचे आठ दिवस फुकट. लक्षणं दिसू लागल्यावर मग कोणी काही करू शकत नाही.

नाना_शेतकरी: मास्तर, चाळीस वर्षं कुत्री पाळतोय. १९८६ ला पोटात चौदा सुया घेतल्यात. पोट भोपळ्यासारखं टम्म झालं होतं. तुम्ही घेतल्यात का एक तरी?

फुलपाखरू२२: नाना, ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस बंद होऊन वीस वर्षं झाली. आता दंडात देतात, गोवराच्या लशीइतकीच दुखते.

गेटवरचा_वॉचमन: खरा प्रश्न लशीचा नाहीच. सोसायटीच्या गेटवर रोज रात्री बिस्किटांचे पुडे फोडणाऱ्या दयाळू ताईंचा आहे. चावायचं आम्हाला, पुण्य त्यांना!

मनीची_आई: आलात का मूळपदावर! भटक्या कुत्र्यांबद्दलच्या २०२३ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे त्यांना खाऊ घालायची जागा ठरवून देणं सोसायटीचं काम आहे. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित जाहीर झाला तो कुत्र्यांना लस टोचून, काठ्या मारून नाही.

गेटवरचा_वॉचमन: ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने "ठरवलेल्या जागीच" असंही म्हटलंय. ते सोयीस्कर विसरता. गेट ही जागा नव्हे.

मनीची_आई: मग द्या ना जागा! चार सभा झाल्या, दरवेळी कोरम नाही.

खडूस_मास्तर: अहो, तुमची सोसायटी तुमच्या धाग्यावर न्या.

सातारी_कंदी: माझ्या भाच्याच्या गालाला कुत्र्याने फाडलं. आजीने आधी चटणी-तेल थापलं, मग आरोग्य केंद्रात नेलं. लस होती, सीरम (लशीचा असर होईपर्यंत विषाणूला रोखणारी तयार प्रतिपिंडं) नव्हतं. तिथून साठ किलोमीटरवरच्या दवाखान्यात. सीरम जखमेतच, कडेकडेने टोचतात. चटणी धुऊन काढताना पोर जे ओरडलं, ते सुईला ओरडलंच नाही. जखम खोल असेल तर नुसत्या लशीवर घरी येऊ नका, सीरम मागून घ्या.

नाना_शेतकरी: बरं बाबा, तुम्ही सगळे एमबीबीएस. मंगळवारी शेजाऱ्याच्या मोत्याने पोटरीला दात लावला मला. किंचित रक्त आलं. उद्या बघतो जाऊन. तुमच्या सांगण्यावरून नाही, बायको मागे लागलीय म्हणून.

फुलपाखरू२२: मंगळवारी? आज शनिवार आहे! मोत्या आहे का समोर?

नाना_शेतकरी: …परवापासून दिसला नाही खरा. गाडी काढतोय.