‘मुलांची’ सॅफ स्पर्धा: नेमकी कुणाची?

शाईपेन
स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासला मी प्रश्नसंच काढून देते. परवाच्या सराव चाचणीत प्रश्न होता: ‘२०१८ साली १५ वर्षांखालील मुलांच्या सॅफ फुटबॉल स्पर्धेत कोणता देश विजेता ठरला?’ (सॅफ म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ.) उत्तर बांगलादेश. एकीने ‘भारत’ लिहिलं, मी काट मारली. दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन हजर. म्हणे, “मॅडम, त्याच वर्षी भूतानच्या थिंफूला मुलींची सॅफ झाली. अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशला १-० हरवलं. तुम्ही मुलांची म्हटलंय, मुलग्यांची नाही. मुली काय मुलं नसतात?”
मार्क देऊन टाकला. पण संच आता छापायला जायचाय. ‘बॉइज’ला काय लिहू? आणि हे देशांचे संघ आहेत, क्लबांचे नव्हेत, तेही थोडक्यात यायला हवं.

परसातलं आळू
मुलगी शंभर टक्के बरोबर. मूल-मुले नपुंसकलिंगी, मुलगा-मुलगे पुल्लिंगी. ‘मुलांच्या’ हे मुलेचं रूप, मुलगेचं ‘मुलग्यांच्या’. व्याकरण संपलं.
व्यवहार मात्र निराळा. आमच्या गावात ‘मुलांची शाळा क्र. १’ होती आणि ओढ्यापलीकडे ‘मुलींची शाळा क्र. २’. शेजारी मुली उभ्या राहिल्या की ‘मुलं’ म्हणजे मुलगे, एकटं असलं की सगळी लेकरं. माझ्या आजीला कुणी विचारलं की सांगायची, “दोन मुलं, तीन मुली.” एकदा खानेसुमारीला आलेल्या मास्तरांनी त्यावरून लिहून घेतलं: ‘मुले २, पैकी मुली ३’. आजोबा शेवटपर्यंत तो कागद बघायला मागत होते!

वऱ्हाडी ठेचा
हे पुण्यामुंबईचे लफडे. आमच्याकडं पोट्टे म्हणजे पोट्टे अन् पोट्ट्या म्हणजे पोट्ट्या. छापा बिनधास्त.

परसातलं आळू
छापा की. ‘१५ वर्षांखालील पोट्ट्यांची स्पर्धा’. आता सांगा, पोट्टे की पोट्ट्या?

वऱ्हाडी ठेचा
अबे हो ना बे. 😄

खाडीपलीकडे
कोकणात या. आमच्याकडे झील आणि चेडू. झील म्हणजे मुलगा, चेडू म्हणजे मुलगी, पण बांदा ओलांडून गोव्यात गेलात की चेडो म्हणजे मुलगा. आमच्या गावात मात्र चेडा म्हणजे भूत. आत्याचं लग्न गोव्यात झालं, तिकडच्या सासूने पहिल्या बाळंतपणात आनंदाने “चेडो जालो!” म्हणून निरोप धाडला, तर इकडे आजीने भूत उतरवायला नारळ काढून ठेवला होता म्हणतात. खरं-खोटं आजीलाच ठाऊक.

सूर मारणारा
खेळाच्या मैदानावर हा शब्द कधीच ठरलाय हो, तुम्ही घरात का शोधताय? खो-खोत ‘किशोर-किशोरी’ आणि ‘कुमार-मुली’ असे गट असतात. मी स्वतः कुमार गटातून नॅशनल खेळलोय. ‘कुमारांची सॅफ स्पर्धा’ लिहा.

शाईपेन
कुमारच्या जोडीला मुली? कुमारी का नाही?

सूर मारणारा
‘कुमारी’ लग्नपत्रिकेत अडकली. चि. आणि चि. सौ. कां. च्या आधीची ती कु. आठवा. संघ कसा काढणार तिचा? (ही माझी थिअरी. पटली तर घ्या.)

नियमावली
कुमार लिहा म्हणणं सोपं आहे. खो-खोत किशोर १४ पर्यंत, कुमार १८ पर्यंत. कबड्डीत किशोर १६ पर्यंत, कुमार २० पर्यंत, वर वजनाचा काटा. म्हणजे पंधराचा पोरगा खो-खोच्या मैदानावर कुमार आणि शेजारच्या कबड्डीच्या मैदानावर किशोर. त्यात सॅफवाल्यांचं वय दर वेळी हलतं. २०११ ला काठमांडूत सुरू झाली ती १६ खालची (ती पाकिस्तानने जिंकली), २०१७ ते २०१९ मध्ये १५ खालची, २०२२ ला कोलंबोत १७, २०२३ ला थिंफूत परत १६, २०२४ ला पुन्हा १७. आकडा लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. कुमार हे आडनावासारखं होईल, वय सांगणार नाही.
आणि ‘नॅशनल खेळलोय’ म्हणजे राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळलात. आपल्याकडे ‘राष्ट्रीय खेळाडू’ म्हणजे तोच. त्यामुळे मूळ प्रश्नातल्या देशांच्या संघांना ‘राष्ट्रीय संघ’ म्हटलंत तर निम्मं महाराष्ट्र चुकीचा अर्थ घेईल.

सूर मारणारा
टोमणा पोचला.

पंचगंगाकाठ
आकड्याचं म्हणताय, पण ‘वर्षांखालील’ हेच मुळात खोटं आहे. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक आपल्याकडे झाला. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. त्याचा जन्म १३ जुलै २००० चा, स्पर्धा सुरू झाली ६ ऑक्टोबरला. म्हणजे पठ्ठ्याला सतरा पूर्ण होऊन जवळजवळ तीन महिने झालेले! नियम वयाचा नव्हताच, १ जानेवारी २००० ला किंवा नंतर जन्मलेले चालतील असा होता. तेव्हा आमच्या तालमीच्या कट्ट्यावर यावरून दोन दिवस भांडण. एक म्हातारबा शेवटपर्यंत म्हणत होते, “पोरगं सतरा ओलांडलंय, फिफाला कळवा!”

परसातलं आळू
‘खालील’ हे मुळातच उसनं. मराठीत मर्यादा ‘आत’ने दाखवतात. शंभरच्या आत भाजी आण, महिन्याच्या आत पैसे दे, दहाच्या आत घरी ये. ‘सतराच्या आतील’ म्हणा.

नियमावली
म्हणजे सतरा पूर्ण झालेला अनिकेत आत की बाहेर?

परसातलं आळू
तो मैदानात होता एवढं पुरे.

शुद्धमती
सगळे फुटबॉल फुटबॉल करताय. पायचेंडू म्हणायला काय होतं? आणि ‘सॅफ’ तरी कशाला? ‘दक्षिण आशियाई कुमार पायचेंडू अजिंक्यपद’. एकही परका शब्द नाही.

पंचगंगाकाठ
आमच्या शाहू स्टेडियमला पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम मॅच लागलेली असताना उभं राहून ‘पायचेंडू’ म्हणून दाखवा. मी भेळ देतो. आणि परके शब्द काढायचे तर आमच्या संघांच्या नावातली ‘तालीम’ पहिली जाईल, ती अरबी आहे. मग खेळायचं कुणी?

खाडीपलीकडे
शुद्धमती, अजिंक्यपदावर जरा थांबा. जिंकणे मराठी क्रियापद, त्याला पुढून संस्कृत ‘अ’ आणि मागून ‘य’ लावलाय. संस्कृतात अजेय, अजय्य. तुमच्या शुद्ध ताटातलाच हा संकर.

शुद्धमती
संकर असला तरी दोन्ही बाजू घरच्याच.

पंचगंगाकाठ
आणि अजिंक्य म्हणजे न जिंकता येणारं. साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाने १७०० साली घेतला, आझमतारा नाव ठेवलं. मराठ्यांनी परत घेतला तेव्हा तो अजिंक्यतारा झाला. एकदा हरून झाल्यावर अजिंक्य! सॅफचं तसंच. २०१३ ला भारत अजिंक्य, २०१५ ला त्यांच्याच सिल्हेटला बांगलादेशने पेनल्टीवर हरवलं, २०१७ ला परत आपण अजिंक्य. दर दोन वर्षांनी मोडणारं अजिंक्यपद कसलं? ‘विजेतेपद’ म्हणा.

शुद्धमती
पेनल्टीला काय म्हणाल?

वऱ्हाडी ठेचा
दंड. अन् सिल्हेटले आपल्याले भरा लागला.

शाईपेन
मंडळी, छापखान्याचा तिसरा फोन आला. मी पळवाट काढली. ‘मुलांच्या’ तसंच ठेवलं, वर्ष बदलून २०१९ केलं. त्या वर्षी मुलग्यांची स्पर्धा पश्चिम बंगालमधल्या कल्याणीला झाली, अंतिम सामन्यात भारत ७, नेपाळ ०. मुलींची थिंफूला, तीही भारताने पेनल्टीवर बांगलादेशला हरवून जिंकली. आता मुलं म्हणजे कुणीही धरा, उत्तर भारतच.
मात्र ‘स्पर्धा कल्याणी येथे झाली’ एवढी ओळ स्पष्टीकरणात गेलीय आणि टायपिंगवाल्याने तिथे ‘कल्याण’ करून ठेवलंय.

नियमावली
आणि स्पष्टीकरणात फक्त कल्याणीच दिलंय? मग ती विद्यार्थिनी परत येणार.

खाडीपलीकडे
येऊ दे. पण कुणाला माहीत असेल तर सांगा, आमच्याकडचा चेडा आणि गोव्यातला चेडो हे एकाच मुळातले का? आजी गेली, आता विचारायला कोणी नाही.