मदत हवी आहे: द्राक्षाच्या खोडात रेझिन मुरवायला घरगुती व्हॅक्यूम चेंबर (नाशिक)

नमस्कार मंडळी,

निफाडकडची मामांची द्राक्षबाग यंदा काढली. डॉगरिज खुंटावर कलम केलेली थॉमसन जातीची द्राक्षं, चांगली जुनी. उपटलेली खोडं बांधावर पडून आहेत आणि ती सरपणात जाऊ द्यायला मन तयार होत नाही. आडवा काप घेतला की मधून कडेकडे जाणाऱ्या रेषा फार सुंदर दिसतात. पण लाकूड सच्छिद्र आणि भेगाळलेलं, लेथवर धरलं की कडा उडतात. पेन आणि सुरीच्या मुठी करायच्या तर आत रेझिन (तापवल्यावर घट्ट होणारं पातळ द्रव) मुरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

चेंबरचा, म्हणजे पंपाने आतली हवा काढून घ्यायच्या बंद डब्याचा, विचार असा आहे: अंबड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ६ इंची एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपचा फूटभर तुकडा घ्यायचा, खाली जाड प्लेट आणि वर फ्लँज (झाकण टेकायला रुंद कडा) वेल्ड करून घ्यायची. झाकण २० मिमी ॲक्रिलिकचं, मध्ये सिलिकॉन गॅस्केट. कुकर वापर, असं बरेच जण सांगतात. पण आतून बसणारं कुकरचं झाकण वाफेच्या दाबाने घट्ट होतं, व्हॅक्यूममध्ये ते उलट आत ओढलं जाईल. काचेची बरणी तर नकोच. ६ इंची झाकणावरसुद्धा हवेचा भार १७० किलोच्या आसपास येतो.

अडलंय ते इथे:

एसी मेकॅनिकचा सिंगल स्टेज (एकाच टप्प्यात हवा ओढणारा) व्हॅक्यूम पंप पुरेल की डबल स्टेजच घ्यावा? व्हॅक्यूम मोजायचा गेज पाऱ्याच्या ७६० मिमीपर्यंतचा आहे. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, मग काटा ७०० च्या जवळ थांबला तर गळती समजायची का? आणि रेझिनऐवजी पातळ इपॉक्सी चालेल का? उष्णतेने सेट होणारं रेझिन नाशिक-पुण्यात लहान डब्यात कुठे मिळतं, हेही कोणी सांगितलं तर फार उपकार होतील.

प्रतिसाद

दादा, खोडं जाळली नाहीत हे फार बरं केलंत.

सिंगल स्टेज पुरतो. नाशिकला हवेचाच दाब ७०५-७१० मिमीच्या घरात असतो, त्यामुळे काटा ७६० ला कधीच जाणार नाही. ७०० म्हणजे उत्तम. गळती बघायची तर रिकाम्या चेंबरचा व्हॉल्व्ह बंद करून पंप थांबवा आणि रात्रभर काटा हलतो का ते पाहा. पंप थांबवण्याआधी व्हॉल्व्ह बंद करायचाच, नाहीतर पंपातलं तेल चेंबरमध्ये येऊ शकतं.

खरं काम लाकूड वाळवण्याचं आहे. द्राक्षाच्या खोडात ओल दडून राहते. व्हॅक्यूममध्ये ते पाणी साध्या तापमानालाही उकळतं, बुडबुडे थांबता थांबत नाहीत आणि वाफ पंपाच्या तेलात जाऊन तेल दुधाळ होतं. तुकडे मापाला कापून ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर ठेवा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. मग हवाबंद पिशवीत पूर्ण गार होऊ द्या. गरम लाकूड रेझिनमध्ये टाकलं तर रेझिन तिथेच घट्ट होऊ लागेल.

तुकड्यांवर वजन ठेवा, नाहीतर तरंगतात. सुरुवातीला फेस जोरात वर येतो, म्हणून वर भरपूर जागा सोडा. या रेझिनचे शिंतोडे ॲक्रिलिकला बारीक तडे पाडतात. एक गोष्ट बरेच जण विसरतात: व्हॅक्यूम फक्त हवा काढतो. रेझिन आत शिरतं ते व्हॅक्यूम सोडल्यावर, बाहेरच्या हवेच्या दाबाने. म्हणून बुडबुडे थांबल्यावर लगेच बाहेर काढू नका, व्हॅक्यूममध्ये होतं त्याच्या दुप्पट वेळ तरी बुडवून ठेवा. मग फॉइलमध्ये गुंडाळून ९० अंशांच्या आसपास भाजा. घरातला स्वयंपाकाचा ओव्हन मात्र यासाठी नको.

इपॉक्सी नकोच. ती दाट असते, खोलवर जात नाही, आणि भांड्यात जास्त साठली की स्वतःच तापून घट्ट होते.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. वाळवणं आधी हातात घेतो. जुना ओटीजी वेगळा ठेवून त्यावर थर्मामीटर लावला तर ९० अंश स्थिर राहतील का? आणि रेझिनच्या दुकानाचा प्रश्न अजून उभाच आहे, कोणाला माहीत असेल तर कृपया सांगा.