ज्युली भरकटलेली आहे की नुसती लाडावलेली?

रिकामटेकडा:
'द वर्स्ट पर्सन इन द वर्ल्ड' एकदाचा पाहिला. योआकिम त्रियरचा २०२१ चा नॉर्वेजियन सिनेमा, रेनाते राइन्स्वेला कानमध्ये बेस्ट अ‍ॅक्ट्रेस मिळालं होतं तो. ऑस्लोतली ज्युली, तिशीला टेकलेली, मेडिकल सोडते, मग सायकॉलॉजी सोडते, मग फोटोग्राफी, आणि पोटापाण्याला पुस्तकांच्या दुकानात काम. अक्सेल नावाचा चांगला पंधराएक वर्षांनी मोठा, कॉमिक्स काढणारा बॉयफ्रेंड, त्याला मूल हवंय, हिला एवढ्यात नको, मग भलत्याच्याच पार्टीत आगंतुक घुसून तिथे आयविंद भेटतो आणि अक्सेलला टाटा. काम झकास केलंय, वादच नाही. पण हिच्यासाठी दोन तास मी का म्हणून हळहळायचं? तिथे सरकारी युनिव्हर्सिटीत फी नाही, दवाखान्याची धास्ती नाही, तीनदा लाइन बदलली तरी बापाला जमीन काढावी लागत नाही. आपल्याकडे पोरीने एमबीबीएसची सीट सोडून दाखवावी, मग बोलू.

मीठभाकर:
+१. लाडावलेलीच.

स्टावांगरकर:
इथे नॉर्वेत राहतो म्हणून लिहितो. फी नाही हे बरोबर (२०२३ पासून युरोपबाहेरून येणाऱ्यांना लावलीये, इथल्यांना नाही) पण राहण्याखाण्यासाठी बहुतेक पोरं लोनेकासेन या सरकारी खात्याचं कर्ज काढतात, परीक्षा पास होत गेलं आणि डिग्री पुरी केली तर त्यातला काही भाग माफ होतो, अर्धवट सोडलं तर बरंचसं डोक्यावरच. तेव्हा कोर्स बदलणं इथेही अगदीच फुकटात पडत नाही. बाकी जमीन विकावी लागत नाही हे मान्य.

पेठेतला:
रिकामटेकडा साहेब, एकदा सदाशिव पेठेत चक्कर मारा. बीई झालेली, बीएस्सी अ‍ॅग्री झालेली पोरं कॉट बेसिसवर राहतायत, मेसचा डबा, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, आणि एमपीएससीचा चौथा की पाचवा अटेम्प्ट. त्यातल्या निम्म्यांना तरी आतून माहितीये की आपल्याला हे करायचंच नाहीये, पण गावाकडे सांगायचं काय आणि परत जाऊन करायचं काय म्हणून बसलेत, लग्न अडलंय, जी आवडत होती तिचं कधीच उरकलं. यांच्या मागे कुठलं सरकार उभंय? पैसा असला तरच माणूस भरकटतो हे काही पटत नाही. पैसा नसला की भरकटायलासुद्धा एकाच खोलीत बसावं लागतं, एवढाच फरक.

रिकामटेकडा:
अहो मी तेच म्हणतोय की! त्या पोरांवर काढा ना सिनेमा, मी पहिल्या दिवशी पहिला शो बघतो.

ठाण्याची_मावशी:
तुम्ही तिसाव्या वाढदिवसाचा प्रसंग झोपेत पाहिलात का? आई तिशीत काय करत होती, आजी काय करत होती असं पिढ्यापिढ्यांनी मागे जातं ते, आई घटस्फोटित, एकटीने पोर वाढवणारी, आजी नाटकात काम करणारी, आणि अगदी मागची खापरपणजीच्याही आधीची बाई तर तिशीपर्यंत जगलीच नाही. निवडायला मिळालेली घरातली पहिलीच बाई गोंधळणार नाही तर काय. आणि तो बाप! वाढदिवसाला पाठीचं दुखणं सांगून येत नाही, मुलीने लिहिलेल्या लेखाची लिंक म्हणे उघडलीच नाही. हिला लाडावलंय कुणी ते तरी सांगा.

फावडे:
एक गंमत, त्रियरचा फोन यायच्या आदल्याच दिवशी रेनातेने म्हणे अभिनय सोडून सुतारकामाकडे वळायचं ठरवलं होतं, तिनेच मुलाखतीत सांगितलंय. आणि अक्सेल झालेला आंदेर्स दानिएलसेन ली खऱ्या आयुष्यात डॉक्टर आहे. एकाच वेळी दोन गोष्टी करणारा माणूस ज्युलीला सिनेमात मूल कधी होऊ द्यायचं ते शिकवतोय, काय बोलणार.

मीठभाकर:
ते सगळं शहर थांबतं आणि ही पळत आयविंदकडे जाते, त्या सीनचं लोकांना एवढं कौतुक का? अक्सेल किचनमध्ये कॉफी ओततोय तसाच पुतळा आणि ही बाई दिवसभर दुसऱ्याबरोबर फिरून येऊन दिवा लावून ब्रेकअप करते. मला तर त्या पुतळ्याचीच दया आली.

पेठेतला:
पण ब्रेकअप तोंडावर करते ना. आपल्याकडे ब्लॉक करतात.

रिकामटेकडा:
आणि कॉफीशॉपमध्ये काम करणाऱ्या आयविंदला काय सुनावते ते? तू पन्नाशीपर्यंत कॉफी देत बसशील, मला त्याहून जास्त हवंय. अरे तू स्वतः दुकानात पुस्तकं विकतेस! इथे माझी सहानुभूती संपली ती संपलीच.

ठाण्याची_मावशी:
वाईट बोलली, पण ते तिने स्वतःलाच ऐकवलंय हे कळायला काय अवघड आहे. आणि शेवटी बघा, दोघांपैकी एकही पुरुष नाही, मूल नाही, सिनेमाच्या सेटवर स्टिल फोटो काढतेय. सोडलेल्या तीन लाइनींपैकी एक टिकली की. मुलगा असता तर याच गोष्टीला तुम्ही संघर्ष म्हणाला असता.

रिकामटेकडा:
मुलगा असता तर पहिल्या वीस मिनिटांत टीव्ही बंद केला असता, मावशी. कॉमिकवाल्या अक्सेलचाच सिनेमा हवा होता मला, तो दवाखान्यात जुन्या रेकॉर्डच्या दुकानांबद्दल बोलतो तेवढंच काय ते काळजात गेलं.

ठाण्याची_मावशी:
हाच अक्सेल टीव्हीवर आपल्या कॉमिकमधल्या बायकांबद्दल तावातावाने भांडतो तेही बघा परत एकदा, ज्युली जिममध्ये बघत असते ते. मग काढा त्याचा वेगळा धागा, येतेच मी.