स्नूकरची सवय असलेल्या हाताला पूलचा कोणता क्यू बसेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं स्नूकर खेळते आहे. क्यू (खेळायची काठी) अ‍ॅशच्या लाकडाचा, टोकाची चामडी टिप साडेनऊ मिमी. नोकरीसाठी नाशिकला आले, तर घराजवळच्या पार्लरमध्ये स्नूकरचं टेबलच नाही, पूलची दोन नऊ फुटी टेबलं आहेत. नाइलाजाने एट-बॉल (पूलचा प्रकार, आठ नंबरचा बॉल शेवटी घालायचा) सुरू केला आणि आता त्यातच जीव अडकलाय.

सुरुवातीला माझाच क्यू नेत होते, ती मोठी चूक झाली. स्नूकरचा बॉल 52.5 मिमीचा, पूलचा 57 मिमीचा आणि चांगला जड. जोरात ब्रेक (डावाचा पहिला फटका) मारून मारून दोन महिन्यांत टिपखालचं पितळी फेरूल, म्हणजे कडं, हलायला लागलं, खाली लाकडाला केसाएवढी चीर गेली. बाबांनी घेऊन दिलेला क्यू होता. फार वाईट वाटलं.

आता पार्लरचा क्यू वापरते, 13 मिमी टिपचा. सरळ शॉट पडतात, पण साइड दिली, म्हणजे पांढऱ्या बॉलला (व्हाइटला) मधोमध न मारता बाजूला मारलं, की सगळं बिघडतं. परवा फक्त आठ नंबर उरला होता, कोपऱ्यातल्या पॉकेटपासून वीतभर अंतरावर. पोझिशनची, म्हणजे पुढच्या शॉटसाठी व्हाइट नीट थांबवायची, गरजच नव्हती, तरी सवयीने डावी साइड दिली. व्हाइट निघतानाच उजवीकडे सरकली आणि आठ नंबर पॉकेटच्या जबड्याला लागून परत आला. नेम बरोबर होता, अगदी खात्री आहे.

माझा खेळ हळू हाताचा, पोझिशनचा आहे. ब्रिज (क्यूला टेकू देणारा हात) उघडाच ठेवते, कारण हात लहान आहे आणि तर्जनीची कडी केली की जाड शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग) घासतो. बजेट वीस हजार. मेपलच्या लाकडाचा साधा शाफ्ट घ्यावा, लो डिफ्लेक्शनचा (साइड दिल्यावर व्हाइट कमी सरकवणारा) की कार्बनचा? वजन किती? इथे हातात धरून बघायला फारसं काही मिळत नाही, म्हणून विचारतेय.

प्रतिसाद १

ताई, नेम बरोबरच असणार. व्हाइटला डावीकडे मारलं की ती थोडी उजवीकडे ढकलली जाते. किती, ते शाफ्टच्या पुढच्या सहा-आठ इंचांच्या वजनावर ठरतं. तुमच्या जुन्या क्यूचं टोक बारीक, म्हणून हलकं. त्याच्या हिशेबाने डोळा बसलाय आणि हातात आता जड टोकाचा क्यू आहे. लो डिफ्लेक्शन शाफ्टचं टोक आतून पोकळ किंवा हलकं केलेलं असतं, म्हणून तुमच्यासाठी तोच. टिप 12 ते 12.4 मिमी बघा. 11.8 चा मोह होईल, पण बॉल जड आहे, आधी मधला आकार वापरा.

वजन 19 औंस, म्हणजे साधारण 540 ग्रॅम. स्नूकरच्या 17-18 नंतर जरा जड वाटेल, आठवड्यात सवय होते. टिप मध्यम घ्या. मऊ टिप हळू हाताला छान लागते, पण लवकर चपटी होते.

आणि कृपा करून नव्या क्यूने ब्रेक मारू नका! ब्रेकला पार्लरचाच क्यू घ्या. तुमची ती चीर वाचून पोटात गलबललं.

प्रतिसाद २

मी रत्नागिरीचा, त्यामुळे पावसाचं सांगतो. मेपलचा शाफ्ट भिंतीला टेकवून ठेवला की एका पावसाळ्यात बाक येऊ शकतो, माझा आलाय. कार्बनला दमट हवेची भीती नाही. पण बॉलला लागल्याचा आवाज आणि हाताला येणारी जाणीव लाकडापेक्षा वेगळी असते, कुणाचा तरी मागून तासभर खेळून बघाच. लाकडाचा घेतलात तर केसमध्ये आडवा ठेवा, गाडीच्या डिकीत विसरू नका. घेताना क्यूचे दोन्ही भाग सुटे करून वेगवेगळे टेबलावर घरंगळवा. टोक उड्या मारत असेल तर परत करा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल एका दादांचा 12.4 चा लो डिफ्लेक्शन क्यू मागून घेतला आणि तोच शॉट मुद्दाम मांडला, डाव्या साइडने. दहापैकी सात पडले. शाफ्टही बोटांत घासला नाही, कारण पुढचा बराच भाग एकाच जाडीचा होता. लाकडाचाच घेईन, केससकट.

आता एकच: जुन्या अ‍ॅशच्या क्यूचं फेरूल बदलून ती चीर बुजवणारा कुणी कारागीर नाशिक किंवा पुण्यात माहीत आहे का? तो टाकवत नाही.